बांधांच्या मुलखातील घोडेस्वार लेखिका

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्क परगण्याचा पश्चिम भाग अटलांटिक महासागरात घुसलेला आहे. तेथील जमीन घोडेस्वाराला सहजासहजी वाट देत नाही. शेते लहान, मधूनमधून उघडे पडलेले खडक, पिवळ्या फुलांच्या काटेरी गोर्सची राने, पाय रुतविणाऱ्या दलदली आणि कुठे अचानक समुद्राकडे तुटलेले कडे. दोन शेतांच्या मध्ये मातीचे रुंद बांध घातलेले असतात. कित्येक बांध माणसाच्या उंचीचे, बाजूंनी दगड रचून पक्के केलेले आणि दोन्ही अंगांना चर असलेले. इंग्लंडच्या सपाट कुरणांवर घोडा कुंपण एका झेपेत पार करतो. येथे ती झेप कामाची नाही. घोड्याला आधी बांधाच्या माथ्यावर चढावे लागते, तेथे क्षणभर पाय सावरून पलीकडे काय आहे ते हेरावे लागते आणि मग खाली उडी घ्यावी लागते. स्वाराने अशा वेळी लगाम फार न आवळता घोड्याच्या शहाणपणावर विसंबावे, हा तेथील पहिला धडा. याच परगण्यात १७५२ मध्ये कॉर्नेलियस ओकॅलहॅन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चच्या मनोऱ्याच्या रोखाने, वाटेतील बांध व ओढे ओलांडत घोडे पिटाळले. स्टीपलचेस या शर्यतीचा उगम या पैजेत मानला जातो.

या मुलखात एडिथ सॉमरव्हिल यांचे जवळजवळ सारे आयुष्य गेले. आयरिश आर. एम.च्या विनोदी शिकारकथांच्या दोन लेखिकांपैकी एक म्हणून जगाने त्यांना ओळखले. आपल्या गावात मात्र त्या शिकारी कुत्र्यांच्या ताफ्याच्या प्रमुख, घोड्यांच्या पारखी आणि मोडकळीस आलेले घराणे सावरणारी बाई म्हणून परिचित होत्या. या तिन्ही भूमिकांना जोडणारा प्रश्न एकच होता. ज्या बांधांवरून घोडा घालायचा, ते बांध कोणाचे? त्यांच्या हयातीतच या प्रश्नाचे उत्तर पूर्णपणे बदलले.

एडिथ यांचा जन्म २ मे १८५८ रोजी ग्रीसजवळच्या कॉर्फू बेटावर झाला. वडील थॉमस सॉमरव्हिल ब्रिटिश लष्करात अधिकारी होते आणि त्यांची पलटण त्या वेळी तेथे होती. पुढच्याच वर्षी कुटुंब कॅसलटाउनशेंड या गावी, ड्रिशेन या वडिलोपार्जित घरी परतले. गाव समुद्राच्या खाडीवर, एका तीव्र उताराच्या रस्त्याच्या कडेने वसलेले. सॉमरव्हिल, कॉगहिल, टाउनशेंड ही तेथील बडी घराणी एकमेकांशी सोयरिकीने बांधलेली होती. हे लोक प्रॉटेस्टंट, इंग्लंडच्या राजसत्तेशी निष्ठावंत आणि जमिनीचे मालक. ती जमीन कसणारी कुळे कॅथलिक आणि आयरिश. दोन्ही समाज शेजारी राहत, रोज भेटत, एकमेकांच्या घरातील जन्ममृत्यूंची खबर ठेवीत. पण त्यांच्यामध्ये धर्माची, भाषेची आणि खंडाची भिंत उभी होती.

भावंडांत एडिथ थोरल्या. घोड्यावर बसणे त्या लहानपणीच शिकल्या. चित्रकलेचाही त्यांना ध्यास होता. घरच्यांची नाराजी पत्करून त्यांनी लंडन, ड्युसेलडॉर्फ आणि पॅरिस येथे शिक्षण घेतले. पॅरिसच्या कोलारोसी चित्रशाळेत त्या काळी स्त्रियांना प्रवेश होता, ही मोठी सोय होती. चित्रकार म्हणून स्वतःचे पोट भरावे हा त्यांचा इरादा होता. मध्यमवयीन अविवाहित मुलीने घर सांभाळावे आणि भावांच्या कर्तृत्वाचे कौतुक करावे, अशी अपेक्षा असलेल्या त्या वर्गात हा इरादाच वेगळा होता.

१८७९ मध्ये लँड लीगची स्थापना झाली आणि आयर्लंडच्या खेड्यांत जमिनीचा लढा पेटला. खंड कमी करा, कुळांना हुसकावू नका, जमीन कसणाऱ्याची करा, या मागण्यांनी जमीनदार हादरले. या लढ्याचा एक मार्ग शिकारीच्या मैदानातून गेला. १८८१-८२ च्या हिवाळ्यात अनेक परगण्यांत शेतकऱ्यांनी शिकारीचे ताफे आपल्या शेतात येऊ देण्याचे नाकारले. यामागे केवळ पिकांच्या नुकसानीची तक्रार नव्हती. जमीनदाराचा घोडा कुळाच्या शेतातून विनापरवाना दौडतो, ही सत्तेची सर्वांत ठळक खूण होती आणि ती खूणच पुसण्याचा तो प्रयत्न होता. कित्येक ताफे त्या वर्षी बंद पडले. एडिथ तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. शिकार ही जमीनदाराच्या हक्काची बाब राहिलेली नाही, हे त्यांच्या पिढीला असे समजले.

जानेवारी १८८६ मध्ये कॅसलटाउनशेंडला व्हायोलेट मार्टिन ही त्यांची दूरची बहीण पाहुणी म्हणून आली. आयर्लंडचे एके काळचे सरन्यायाधीश चार्ल्स केंडल बुश हे दोघींचेही पणजोबा. व्हायोलेट चार वर्षांनी लहान, नाजूक प्रकृतीची, अतिशय ऱ्हस्व दृष्टीची. परंतु घोड्यावर बसली की भीती न जाणणारी. तिचे माहेर पश्चिमेकडील गॉलवे परगण्यातील रॉस हाउस. तिच्या वडिलांची कहाणी त्या वर्गाच्या उतरणीची साक्ष देते. १८७२ च्या गॉलवेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कुळांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध मत दिले. पिढ्यान्‌पिढ्यांचा जिव्हाळा आहे असे मानणाऱ्या त्या गृहस्थांना हा घाव सोसला नाही आणि त्याच वर्षी ते वारले. कुटुंब घर सोडून डब्लिनला गेले. सोळा वर्षांनी व्हायोलेट आणि तिची आई परतल्या, तेव्हा घराची पार दुर्दशा झालेली होती.

दोघी बहिणींनी एकत्र लिहावयाचे ठरविले. घरच्यांनी त्यांच्या पहिल्या प्रयत्नाची भरपूर थट्टा केली. ती कादंबरी, 'अॅन आयरिश कझिन', १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि थट्टा थांबली. व्हायोलेटने मार्टिन रॉस हे नाव घेतले आणि सॉमरव्हिल व रॉस ही जोडी साहित्यात रूढ झाली. कोणी काय लिहिले हे वेगळे काढणे अशक्य व्हावे, अशी त्यांची पद्धत होती. प्रत्येक वाक्य आधी बोलून, वाद घालून, दोघींच्या पसंतीस उतरल्यावरच ते कागदावर येई. शेतकऱ्यांच्या, मोलकरणींच्या, घोड्यांच्या दलालांच्या तोंडची बोली त्या वह्यांत टिपून ठेवीत. १८९४ ची 'द रिअल शार्लट' ही त्यांची कादंबरी पुढे एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ आयरिश कादंबऱ्यांपैकी एक मानली गेली. त्या वेळी मात्र तिच्यातील कठोर वास्तवाने घरच्यांनाच धक्का बसला.

लेखन हे त्यांच्या दृष्टीने केवळ छंद नव्हते. खंडाचे उत्पन्न आटले होते. घराचे छप्पर गळत होते. लेखनाचे मानधन, चित्रांची विक्री आणि घोडे तयार करून विकण्याचा व्यवसाय, यांवर ड्रिशेनचा गाडा चालत होता. १८९५ मध्ये आई आणि १८९८ मध्ये वडील वारले. घराचा वारस असलेला भाऊ लष्करात, परदेशी. घराची आणि शेतीची सारी जबाबदारी एडिथ यांच्यावर आली.

याच सुमारास शिकार त्यांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी आली होती. १८९१ मध्ये त्यांचा भाऊ एल्मर वेस्ट कार्बेरी ताफ्याचा मास्टर, म्हणजे प्रमुख झाला. तेव्हापासून हिवाळ्यातील दिवस ठरल्याप्रमाणे शिकारीचे. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो प्राणी निराळा. आयर्लंडमधील तांबड्या अंगाचा, झुपकेदार शेपटीचा कोल्हा हा आपल्याकडील खोकडाचा भाऊबंद. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. रात्री कोल्हा भक्ष्याच्या शोधात बाहेर पडला की त्याच्या बिळांची तोंडे बुजवीत, म्हणजे दिवसा त्याला उघड्यावरच राहावे लागे. सकाळी ठरलेल्या जागी स्वार जमत. हंट्समन कुत्र्यांना झुडपांच्या रानात सोडी. कुत्री नजरेने नव्हे, वासाने माग काढतात. माग लागला की त्यांचा एकसुरी कल्लोळ उठे आणि कोल्हा रानाबाहेर पडला की सारा जमाव त्याच्यामागे निघे. पुढे तासभर काय घडेल, हे वारा, जमिनीचा ओलावा आणि कोल्ह्याची हुशारी यांवर अवलंबून. बहुतेक वेळा कोल्हा खडकांतील एखाद्या फटीत शिरून निसटे. पश्चिम कॉर्कच्या खडकाळ किनाऱ्यावर अशा फटींना तोटा नव्हता.

स्त्रियांना हे सारे करावे लागे ते दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला ठेवून. स्त्रियांच्या त्या खास खोगिरावर मांड पक्की बसते, परंतु घोडा कोसळला तर स्वाराला सुटका करून घेणे कठीण जाते. लांब झगा खोगिरात अडकून फरफटत जाण्याचा धोका असे. बांधाच्या माथ्यावर घोड्याचा पाय घसरला तर घोडा स्वारावरच पालथा होण्याची भीती.

हा धोका नोव्हेंबर १८९८ मध्ये खरा ठरला. व्हायोलेटचा घोडा शिकारीत तिच्यासह कोसळला. तिच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि ती कित्येक महिने अंथरुणाला खिळली. पूर्वीची ताकद तिला पुन्हा लाभली नाही. नेमक्या याच काळात 'बॅडमिंटन मॅगझिन' या मासिकात दोघींच्या नव्या कथा दरमहा छापून येत होत्या आणि मजकूर वेळेवर देणे भाग होते. एकीच्या वेदना आणि दुसरीची शुश्रूषा यांतून त्या कथा पुऱ्या झाल्या. १८९९ मध्ये 'सम एक्स्पिरिअन्सेस ऑफ अॅन आयरिश आर. एम.' या नावाने त्यांचे पुस्तक निघाले आणि ते कमालीचे गाजले. निखळ हसविणाऱ्या या पुस्तकातील घोड्यांच्या पडझडीच्या मागे एक खरीखुरी पडझड आहे, याचा वाचकांना पत्ताही नव्हता.

कथानायक मेजर यीट्स हा सरकारने नेमलेला दंडाधिकारी. कायद्याचा अंमल बसविण्यासाठी तो येतो आणि घरमालक, घोड्यांचा दलाल व शिकारी ताफ्याचा प्रमुख असलेला फ्लरी नॉक्स त्याला पदोपदी बनवितो. नॉक्सची फाटक्या वेशातील हिरेजडित आजी, गावभर उचापती करणारा स्लिपर, साक्षी देताना न्यायालयाला गुंगविणारे शेतकरी, ही सारी पात्रे कायद्यापेक्षा आपापल्या रीतीने चालतात. आयरिश राष्ट्रवादी टीकाकारांना हे चित्रण रुचले नाही. इंग्रज वाचकाच्या करमणुकीसाठी गरीब आयरिश माणसाला विदूषक बनविले, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. कथा सांगणारा उमरावी बैठकीतूनच बोलतो. परंतु फजिती बहुतेक वेळा साहेबाचीच होते, हेही तितकेच खरे. दोघींनी आपल्या वर्गालाही सोडले नाही.

१९०३ हे वर्ष एडिथ यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वेस्ट कार्बेरी ताफ्याच्या मास्टर झाल्या. कोल्ह्याच्या शिकारीचा ताफा सांभाळणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने विंडहॅम यांचा जमीन कायदा मंजूर केला. सरकारने कुळांना कर्ज द्यावे, कुळांनी जमीनदाराकडून जमीन विकत घ्यावी आणि साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी ती रक्कम फेडावी, अशी त्याची योजना. विकणाऱ्या जमीनदाराला वर बक्षिसी. पुढील काही वर्षांत आयर्लंडची शेतजमीन झपाट्याने कसणाऱ्यांच्या मालकीची झाली. एका जमीनदार घराण्यातील स्त्री ताफ्याची प्रमुख झाली, ती जमीनदारी संपण्याच्या मुहूर्तावर.

आता प्रत्येक बांधाचा धनी वेगळा होता आणि त्याची परवानगी ही मेहेरबानी होती. मास्टरचे काम केवळ पुढे घोडा घालण्याचे नव्हते. कोणाचे गव्हाचे कोवळे पीक तुडवायचे नाही, कोणाचे फाटक उघडे राहिले, कोणाच्या मेंढ्या बिथरल्या, हे ध्यानात ठेवावे लागे. कोल्ह्याने कोंबड्या नेल्या की शेतकऱ्याची बायको भरपाई मागावयास येई. नेलेल्या कोंबड्यांची संख्या आणि त्यांचे थोरपण सांगताना वाढत जाई, हे एडिथ यांना पुरते ठाऊक होते. तरीही तक्रार ऐकून घेणे, चहा देणे, पैसे मोजणे हे करावेच लागे. कुत्र्यांचे खाणे, नोकरांचे पगार, घोड्यांचा खर्च वर्गणीत भागत नसे. उरलेली तूट त्यांच्या पुस्तकांच्या मानधनातून जाई. आर्थिक ओढीने त्यांनी १९०८ मध्ये ताफा सोडला आणि १९१२ मध्ये पुन्हा हाती घेतला.

पूर्वी हुकमाने मिळणारी वाट आता शब्द आणि सौजन्य यांच्या बळावर मिळवावी लागत होती. लहान शेतकरीही घोडा असला की शिकारीत सामील होई; नसला तर टेकडीवरून धावत माग सांगे. धर्म, मतदान आणि जमीन यांवर न बोलता दोन समाज एकत्र येण्याच्या जागा त्या मुलखात थोड्याच होत्या. एडिथ यांनी शिकारीला इतके महत्त्व का दिले, याचे एक उत्तर येथे मिळते. मात्र ही एकी बांधाइतकीच अरुंद होती. घोडा, वेळ आणि वर्गणी ज्याच्यापाशी तो स्वार, बाकीचे प्रेक्षक. त्या एकीची किंमत कोल्हा प्राणाने मोजत होता, हा विचार त्या काळी थोड्यांनाच शिवला.

ताफ्याचे प्रमुखपद भूषवूनही त्यांना संसदेसाठी मत देण्याचा अधिकार नव्हता. ही विसंगती दोघींना बोचत होती. मन्स्टर प्रांतातील स्त्री-मताधिकार संघटनेचे अध्यक्षपद एडिथ यांनी आणि उपाध्यक्षपद व्हायोलेटने स्वीकारले. राजकारणात मात्र दोघींचे जमत नसे. व्हायोलेट इंग्लंडशी असलेल्या ऐक्याची कट्टर समर्थक. एडिथ यांना पुढेपुढे आयरिश स्वातंत्र्याच्या मागणीविषयी सहानुभूती वाटू लागली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. लष्कराने घोडे नेले, तरुण स्वार रणांगणावर गेले. २१ डिसेंबर १९१५ रोजी व्हायोलेट मार्टिन मेंदूतील गाठीने कॉर्क शहरात मरण पावली. तीस वर्षांची सोबत संपली. एडिथ यांनी आता लेखणी खाली ठेवावी, असे वाटण्याजोगी ती वेळ होती. १९१६ मध्ये त्या परलोकविद्येकडे वळल्या. व्हायोलेट आपल्या हातून संदेश लिहविते, अशी त्यांची श्रद्धा बसली आणि ती अखेरपर्यंत टिकली. पुढील बहुतेक पुस्तके त्यांनी दोघींच्या नावानेच प्रसिद्ध केली. श्रद्धा बाजूला ठेवली, तरी जुन्या पत्रांतून आणि टिपणांतून व्हायोलेट खरोखरच त्या लेखनात हजर होती. १९२५ ची 'द बिग हाउस ऑफ इन्व्हर' ही कादंबरी एका उजाड वाड्याविषयी व्हायोलेटने १९१२ मध्ये लिहिलेल्या पत्रातून उगवली.

दरम्यान आयर्लंड बदलले. १९१९ च्या आरंभी राजकीय कैद्यांच्या प्रश्नावरून अनेक भागांत पुन्हा शिकारी रोखल्या गेल्या. त्याच वर्षी एडिथ यांनी मास्टरपद कायमचे सोडले. स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवीच्या काळात जमीनदारांची अडीचशेहून अधिक घरे जाळली गेली. ड्रिशेन वाचले. पण वार चुकला नव्हता, लांबला होता. २४ मार्च १९३६ च्या रात्री त्यांचे भाऊ, निवृत्त व्हाइस अॅडमिरल बॉइल सॉमरव्हिल, यांना कॅसलटाउनशेंड येथील त्यांच्या घराच्या दारात आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या माणसांनी गोळ्या घालून ठार केले. ब्रिटिश नौदलात नोकरी मागणाऱ्या गावच्या तरुणांना ते शिफारस देत, एवढाच त्यांच्यावरचा आरोप. या हत्येनंतर काही महिन्यांतच आयरिश सरकारने त्या संघटनेवर बंदी घातली. ज्या शेजाऱ्यांच्या भल्यावर त्यांनी आयुष्यभर भरवसा ठेवला, त्यांच्याच मुलखात भावाचा खून झाला. तरीही अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावरील एडिथ यांनी गाव सोडले नाही.

मानसन्मान उशिरा आले. १९३२ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि १९४१ मध्ये आयरिश साहित्य अकादमीचे ग्रेगरी पदक मिळाले. ज्या राष्ट्रीय साहित्याच्या वर्तुळाने त्यांना बाहेरचे मानले होते, त्यानेच दिलेली ही पावती होती. १९४६ मध्ये वृद्धापकाळामुळे ड्रिशेन सोडून त्या बहीण हिल्डगार्डसह गावातील लहान घरात राहावयास गेल्या. त्या घराचे नाव टॅली हो. शिकारीत कोल्हा दिसताच दिला जाणारा हा पुकारा. ८ ऑक्टोबर १९४९ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सेंट बाराहेन चर्चच्या आवारात व्हायोलेटच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

१९८३ ते १९८५ या काळात आयरिश आर. एम.च्या कथांवरील दूरचित्रवाणी मालिकेने त्यांना नवे प्रेक्षक मिळवून दिले. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यावर २००४ च्या कायद्याने बंदी आली. आयर्लंडमध्ये त्याविषयीचा वाद मिटलेला नाही. प्राण्याच्या वेदनेविषयी अधिक सजग झालेल्या आजच्या वाचकाला एडिथ सॉमरव्हिल यांचा हा आनंद परका वाटेल. पण ज्या वर्गाची सत्ता जात होती, त्यातील बहुतेकांनी एकतर देश सोडला किंवा फाटके बंद करून घेतली. एडिथ यांनी शेजाऱ्याची परवानगी मागून त्याच्या शेतात पाऊल टाकण्याची रीत शिकून घेतली, आणि पन्नास वर्षे त्या तेथेच राहिल्या.